मेमोरियल डे 'हॅपी' का नसतो? अमेरिकेचा लाँग वीकेंड, टेक्सासमधलं युद्ध संग्रहालय आणि आगीचा फवारा

माझा मावसभाऊ ऑस्टिनला असतो. गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी त्याने इन्स्टाग्रामवर एक स्टोरी टाकली. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. हिरव्या गणवेशातला एक माणूस पाठीवर टाक्या बांधून उभा आहे, हातातल्या नळीतून आगीचा लांबलचक लोळ सुटतो, आणि मागे प्रेक्षकांमधून 'ओ माय गॉड' ऐकू येतं. त्याची दोन्ही मुलं कानावर हात ठेवून पण डोळे विस्फारून बघतायत. वर लिहिलं होतं, 'हॅपी मेमोरियल डे!'

दोन तासांनी 'हॅपी' गायब. नुसतंच 'मेमोरियल डे' राहिलं.

मी विचारलं तर म्हणाला, ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंनी मेसेज केला. त्यांचे काका व्हिएतनाम युद्धात गेले. या दिवशी 'हॅपी' म्हणत नाहीत, एवढंच त्यांनी सभ्यपणे सांगितलं. बिचारा ओशाळला.

पण मला वेगळाच प्रश्न पडला. शब्द खटकला, तर आगीचा तो लोळ का नाही खटकला? मेलेल्या सैनिकांच्या दिवशी संग्रहालयात तिकीट काढून लढाईचा खेळ बघायचा, यात काहीच वावगं नाही का? की वावगं आहे, पण त्याशिवाय आता तिथे कोणी फिरकणारच नाही?

आधी हे समजून घेऊ: हा दिवस कोणाचा?

आपल्याकडच्या पोस्टमध्ये नेहमी होणारी गल्लत म्हणजे मेमोरियल डे आणि व्हेटरन्स डे एकच समजणं. ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे सैन्यात काम केलेल्या सगळ्यांचा असतो. त्या दिवशी माजी सैनिकाला भेटून 'थँक यू' म्हणायचं. मेमोरियल डे फक्त गेलेल्यांचा. ज्याचे आभार मानायचे तो समोर नसतो, हाच या दिवसाचा अर्थ. म्हणून 'हॅपी' नाही.

त्याचं जुनं नाव डेकोरेशन डे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. त्यानंतर ठिकठिकाणी लोक वसंतात कबरींवर फुलं वाहायला लागले. ५ मे १८६८ रोजी माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी आदेश काढला की ३० मे या दिवशी सगळीकडे कबरी सजवाव्यात. पहिल्या वर्षी अर्लिंग्टनच्या दफनभूमीत सुमारे पाच हजार लोक जमले आणि त्यांनी वीस हजार कबरींवर फुलं वाहिली.

त्याच्याही तीन वर्षं आधीची एक हकिकत आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर युद्धकैद्यांची छावणी होती. तिथे मेलेल्या उत्तरेच्या अडीचशेहून अधिक सैनिकांना एका सामायिक खड्ड्यात पुरलं होतं. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी ते मृतदेह बाहेर काढून एकेकाला नीट दफन केलं, कुंपण घातलं आणि १ मे १८६५ रोजी तिथे हजारोंची मिरवणूक काढली. ही गोष्ट पुढे जवळपास विसरली गेली. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून ती पुन्हा समोर आणली. 'पहिला मेमोरियल डे' कोणाचा यावर अमेरिकेत वाद आहे, आणि १९६६ मध्ये सरकारने न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू गावाला अधिकृत जन्मस्थानाचा मान देऊन टाकला. माझं मत विचाराल तर चार्ल्स्टन.

मग तारीख कुठे गेली?

शंभर वर्षं हा दिवस ३० मेलाच असायचा. मग बुधवार असो की रविवार.

२८ जून १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली. त्यानुसार काही राष्ट्रीय सुट्ट्या ठरलेल्या तारखेऐवजी सोमवारी आणल्या गेल्या. कारण सरळ होतं: आठवड्याच्या मधेच सुट्टी आली की कामाचा खोळंबा होतो. सोमवारी दिली तर सलग तीन दिवस मिळतील, लोक फिरायला जातील, कुटुंबं एकत्र येतील. १९७१ पासून मेमोरियल डे मे महिन्याचा शेवटचा सोमवार झाला.

आता गंमत बघा. याच कायद्याने व्हेटरन्स डेसुद्धा ११ नोव्हेंबरवरून ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी नेला होता. लोकांनी ते मानलंच नाही. ११ नोव्हेंबर १९१८ ही पहिलं महायुद्ध थांबल्याची तारीख. बऱ्याच राज्यांनी जुनीच तारीख पाळणं चालू ठेवलं. शेवटी १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी दुरुस्तीवर सही केली आणि १९७८ पासून व्हेटरन्स डे परत ११ नोव्हेंबरला आला.

जिवंत सैनिकांचा दिवस परत मिळाला, मेलेल्यांचा नाही. व्हेटरन्स डेसाठी भांडायला माजी सैनिक स्वतः होते, हे एक कारण मला दिसतं. दुसरं म्हणजे मेचा शेवट, शाळा सुटायची वेळ, छान हवा. हा वीकेंड सोडायला कोण तयार होणार?

एक माणूस मात्र हटला नाही. हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये. मेमोरियल डे परत ३० मेला न्या, असं विधेयक ते १९८९ पासून पुन्हा पुन्हा मांडत राहिले, २०१२ मध्ये वारले तोपर्यंत. ते एकदाही मंजूर झालं नाही. इनोये जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका जपानी वंशाच्या स्वतःच्याच नागरिकांना छावण्यांत डांबत होती, तेव्हा हे जपानी-अमेरिकी सैनिकांच्या ४४२व्या रेजिमेंटमधून इटलीत लढत होते. २१ एप्रिल १९४५ रोजी तिथे त्यांचा उजवा हात गेला. (त्याच इटलीत, त्याच महिन्यात, ९ एप्रिलला सेनिओ नदीच्या काठावर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव यांनी जखमी अवस्थेत साथीदारांना वाचवलं आणि एकट्याने मशीनगनची ठाणी मोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्यापैकी कितीजणांना ते नाव माहीत आहे?)

आज या वीकेंडला अमेरिकेत काय होतं, ते तिथल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला विचारा. गाद्यांचे सेल, बार्बेक्यू, स्विमिंग पूल उघडणं, रविवारी इंडियानापोलिसची मोटार शर्यत. २०२५ मध्ये या सुट्टीत साडेचार कोटी लोक प्रवास करतील असा ट्रिपल ए या मोटारचालकांच्या संघटनेचा अंदाज होता. २००० मध्ये तर सरकारला कायदा करून सांगावं लागलं की त्या सोमवारी दुपारी तीन वाजता, असाल तिथे, एक मिनिट थांबा. एक मिनिट थांबण्यासाठीही कायदा लागला, यावरून काय ते समजा.

गर्दी तर आहेच, तिला आत बोलवा

फुलं वाहायला जाणारे कमी झाले, पण फिरायला जाणारे वाढले. युद्ध संग्रहालयांनी नेमकं हेच हेरलं.

माझा भाऊ गेला होता ते ठिकाण म्हणजे टेक्सासमधलं फ्रेडरिक्सबर्ग. ऑस्टिनहून गाडीने साधारण दीड तास. १८४६ मध्ये जर्मन लोकांनी वसवलेलं छोटंसं गाव. आता ओळख काय, तर पीचची फळं, वायनरी आणि शनिवार-रविवारची तुडुंब गर्दी. आपल्या महाबळेश्वरसारखं समजा, फक्त स्ट्रॉबेरीच्या जागी पीच. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि अशा गावात पॅसिफिक महासागरातल्या युद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे! कारण अ‍ॅडमिरल चेस्टर निमिट्झ इथे जन्मले, २४ फेब्रुवारी १८८५ रोजी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या आरमाराचे ते प्रमुख. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागती पत्करली, तेव्हा अमेरिकेच्या वतीने सही त्यांनी केली. त्यांच्या आजोबांचं इथे हॉटेल होतं, आगबोटीच्या आकाराचं. त्या हॉटेलपासूनच संग्रहालय सुरू झालं. फक्त आपल्या नावाचं स्मारक करू नका, सगळ्यांचं करा, असा निमिट्झ यांचा आग्रह होता.

सोमवारी सकाळी संग्रहालयाच्या आवारात आदरांजलीचा कार्यक्रम होतो. भिंतीवर सैनिकांच्या आणि जहाजांच्या नावांच्या पाट्या आहेत. भाषण, बिगूल, मौन. देशभर त्या दिवशी दुपारी बारापर्यंत झेंडा अर्ध्यावर असतो, मग पूर्ण वर चढवतात. बारापर्यंत गेलेल्यांसाठी, नंतर राहिलेल्यांनी पुढे चालत राहण्यासाठी, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

पण गर्दी खेचतो तो 'पॅसिफिक कॉम्बॅट झोन'. मुख्य इमारतीपासून थोडं लांब एक मोकळं मैदान आहे, तिथे पॅसिफिकमधल्या बेटाचा देखावा उभा केलाय. वर्षातल्या काही निवडक वीकेंडना तिथे लढाईचं प्रात्यक्षिक होतं. त्या काळचे गणवेश घातलेले स्वयंसेवक आधी शस्त्रं समजावून सांगतात, मग जपानी ठाण्यावर चढाई करतात. बंदुका, रणगाडा, धूर. आणि फ्लेमथ्रोअर, म्हणजे आग फेकणारी ती नळी.

त्या आगीचं खरं काय होतं?

भावाच्या व्हिडिओत जे शस्त्र होतं, त्याच्याबद्दल मी नंतर वाचलं.

पाठीवर साधारण तीस किलो वजन. त्यात पेट्रोलसारखं इंधन. चालवलं की काही सेकंदांत टाकी रिकामी. इवो जिमासारख्या बेटांवर जपानी सैनिक जमिनीखाली बोगदे आणि काँक्रीटचे खंदक करून बसलेले असायचे. तिथे गोळी पोचत नाही, आग पोचते. म्हणून हे शस्त्र. आत जो असेल तो जळून किंवा गुदमरून मरायचा. आणि ते चालवणारा? पाठीवर टाक्या असलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. समोरच्यांच्या बंदुका आधी त्याच्यावरच रोखल्या जायच्या.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमावर हर्शेल 'वुडी' विल्यम्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मरीनने चार तास हे शस्त्र वापरलं. एक टाकी संपली की मागे यायचं, दुसरी घ्यायची, परत जायचं. त्याबद्दल त्यांना अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, मेडल ऑफ ऑनर. पुढे आयुष्यभर ते एकच गोष्ट सांगत राहिले: त्या दिवशी मला आडोसा देताना दोघे मारले गेले, हे पदक मी त्यांच्या वतीने घालतो. २९ जून २०२२ रोजी विल्यम्स गेले, ९८ व्या वर्षी. दुसऱ्या महायुद्धातलं हे पदक मिळालेल्यांपैकी ते शेवटचे.

इवो जिमावर सुमारे ६,८०० अमेरिकी मेले. बेटावरच्या सुमारे २१ हजार जपान्यांपैकी बहुतेक सगळेच.

हे वाचल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. आता तो पंधरा सेकंदांचा राहिला नव्हता.

मग अशी प्रात्यक्षिकं बंद करावीत का? मला तसं वाटत नाही. खरं सांगायचं तर मी स्वतः शाळेच्या सहलीत रणगाड्यांचं संग्रहालय पाहिलंय अहिल्यानगरला, आणि त्या वयात मला एकही फलक आठवत नाही. आठवतो तो उन्हात तापलेल्या पोलादाचा स्पर्श. मुलांना आधी वस्तू भिडते, मग माणूस. प्रात्यक्षिकाची ताकद हीच आहे, आणि गोची पण हीच. तिथे तुम्हाला आवाज ऐकू येतो, वजन कळतं, धुराचा वास येतो. फक्त मरण दिसत नाही. युद्धाच्या कोणत्याही खेळात मेलेला माणूस शेवटी उठतो, टोपी झटकतो आणि टाळ्या घेतो. मेमोरियल डे मात्र न उठलेल्यांचा आहे.

म्हणून माझ्या मते प्रश्न प्रात्यक्षिक दाखवायचं की नाही हा नाही. ते बघून झाल्यावर माणूस कुठे जातो? पार्किंगकडे की आत?

आत एक पाणबुडी आहे

याच संग्रहालयात एचए-१९ नावाची छोटी जपानी पाणबुडी ठेवलेली आहे. दोन माणसांपुरती. ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यासाठी अशा पाच पाणबुड्या पाठवल्या होत्या, एकूण दहा माणसं. एचए-१९ भरकटली आणि ओआहू बेटाच्या किनाऱ्याजवळ खडकावर अडकली. एक खलाशी मेला. दुसरा, काझुओ साकामाकी, बेशुद्ध अवस्थेत वाळूवर सापडला. या युद्धात अमेरिकेने पकडलेला तो पहिला जपानी कैदी.

जपानने मग काय केलं? नऊ जणांना युद्धदेवता म्हणून गौरवलं, त्यांचं चित्र काढलं. दहावा चित्रातून वगळला. जिवंत पकडला जाणं ही नामुष्की होती. साकामाकीने मरू देण्याची विनंती केली होती, ती मान्य झाली नाही. तो युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला.

आणि अमेरिकेने काय केलं? त्याची पाणबुडी ट्रेलरवर चढवून देशभर फिरवली. युद्धरोखे विका, पाणबुडी बघा! म्हणजे युद्धाची वस्तू दाखवून गर्दी जमवणं ही काही आजच्या रीलच्या जमान्यातली कल्पना नाही. युद्ध चालू असतानाच ती सुरू झाली होती.

साकामाकी पुढे टोयोटात नोकरीला लागला आणि कंपनीच्या ब्राझीलमधल्या उपकंपनीचा प्रमुख झाला. युद्धाबद्दल सहसा बोलत नसे. १९९१ मध्ये, पन्नास वर्षांनी, फ्रेडरिक्सबर्गच्या संग्रहालयाने भरवलेल्या परिषदेला तो आला. तिथे त्याने आपली पाणबुडी पुन्हा पाहिली आणि रडला.

टेक्सासमधल्या त्या दालनात तो कोणासाठी रडला असेल? मेलेल्या साथीदारासाठी, वगळलेल्या स्वतःसाठी? ते त्याचं त्याला माहीत. पण विजेत्यांच्या संग्रहालयात हरलेल्या बाजूच्या माणसाला रडायला जागा मिळाली, हे मला त्या सगळ्या दारूगोळ्यापेक्षा मोठं वाटतं.

निमिट्झ यांच्या जुन्या हॉटेलच्या मागे एक जपानी बागही आहे. जपानी लोकांनी वर्गणी काढून भेट दिलेली, ८ मे १९७६ रोजी खुली झालेली. निमिट्झ तरुणपणी, १९०५ मध्ये, जपानचे अ‍ॅडमिरल टोगो यांना भेटले होते आणि त्यांना फार मानायचे. टोगोंची 'मिकासा' ही युद्धनौका महायुद्धानंतर मोडकळीस आली, तेव्हा ती जतन व्हावी म्हणून ज्यांनी प्रयत्न केले त्यांत निमिट्झही होते. बागेत टोगोंच्या अभ्यासिकेची प्रतिकृती आहे. रेतीवर रेघा ओढलेल्या, थोडं पाणी, दगड. स्टोरी टाकण्यासारखं फारसं काही नाही.

पुढच्या काही वर्षांचा प्रश्न

आतापर्यंत अशा वीकेंडला संग्रहालयांकडे एक हुकमी उपाय होता. खुर्चीत बसलेले नव्वदीतले आजोबा. मुलं त्यांच्याभोवती जमायची. कोणीतरी विचारायचं, 'तुम्ही कोणाला मारलंत का?' आणि आजोबा गप्प व्हायचे. त्या गप्प होण्यातून जे कळायचं ते कुठल्याच फलकावर लिहिता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सुमारे १ कोटी ६४ लाख लोक होते. सरकारी अंदाजानुसार २०२५ मध्ये त्यातले ५० हजारांहूनही कमी हयात होते. सगळ्यात लहान आता जवळपास शंभरीचे. तो उपाय संपत आला आहे.

न्यू ऑर्लिन्समधल्या राष्ट्रीय दुसरं महायुद्ध संग्रहालयाने यावर एक तोडगा काढलाय. २०२४ मध्ये त्यांनी एक दालन उघडलं, जिथे त्या पिढीतल्या अठरा जणांशी तुम्ही 'बोलू' शकता. प्रत्येकाला हयात असताना कॅमेऱ्यासमोर शेकडो प्रश्न विचारून उत्तरं रेकॉर्ड केलेली आहेत. तुम्ही प्रश्न विचारता, आर्टिफिशियल इंटेलिजन्स त्यातलं योग्य उत्तर शोधून लावतं. महत्त्वाचं म्हणजे यंत्र नवं वाक्य बनवत नाही. जे आहे ते त्या माणसाने स्वतः बोललेलं. या अठरांत वुडी विल्यम्सही आहेत.

तंत्र म्हणून हे मला आवडलं. ज्या काळात मेलेल्या माणसाच्या तोंडी वाटेल ते घालता येतं, त्या काळात त्यांनी ही मर्यादा पाळली. तरीही एक गोष्ट सुटते. यंत्राला गप्प होता येत नाही. योग्य उत्तर सापडलं नाही तर ते प्रश्न बदलून विचारायला सांगतं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी भावाला फोन केला. विचारलं, पाणबुडी पाहिलीस? म्हणाला, 'हो, आत होती एक. घाईत बघितली.' आणि मागची जपानी बाग?

'बाग? कुठे आहे तिथे बाग?' म्हणाला. 'मुलांना भूक लागली होती गं. आणि मेन स्ट्रीटला पार्किंग मिळता मिळत नाही त्या वीकेंडला.'

यंदा परत जाणार आहेत. सोमवारी सकाळच्या कार्यक्रमाला पोचायचं असेल तर ऑस्टिनहून पहाटे निघावं लागेल, आणि मुलं त्या वेळेला उठतील की नाही यावर घरात अजून चर्चा चालू आहे.